बाबांसाठी बर्फात लिहिलेल्या वह्या

माझा मोठा भाऊ अंटार्क्टिकावर चौदा महिने राहून आला होता. आमच्या भागात हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, शास्त्रज्ञ होता का? नव्हता. दादा डिझेल इंजिनाचा मेकॅनिक होता. आमचं गाव वैनगंगेच्या काठी, पवनीकडे. आता ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. त्या गावात धानाला पाणी देणारी जेवढी इंजिनं होती, तेवढी त्याने दहावीच्या आतच खोलून पुन्हा बसवली होती. पुढे सैन्यात भरती झाला, तिथेही इंजिनंच वाट्याला आली. आपल्या देशाचं तिकडे बर्फावर एक ठाणं आहे. तिथे शास्त्रज्ञांसोबत स्वयंपाकी लागतो, डॉक्टर लागतो आणि जनरेटर चालू ठेवणारा एक माणूस लागतो. जनरेटर बंद पडला तर बाकी सगळ्यांची विद्या गोठून जाते, असं तो म्हणायचा. यात बढाई नव्हती. तो कामाबद्दल असंच साधं बोलायचा.

निवड झाल्याचं सांगायला तो सुट्टीवर आला, तेव्हा बाबा अंगणात अंबाडीचा दोर वळत बसले होते. दादाने उकिडवं बसून त्यांना सगळं समजावलं. बाबांनी हातातलं काम न थांबवता ऐकलं.

"तिथी जमीन हाय का पाणी?" त्यांनी विचारलं.

"जमीन हाय. पण तिच्यावर बर्फ हाय, दोन-दोन किलोमीटर जाड."

"मंग त्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावानं हाय?"

"कोणाच्याच नाई, बाबा."

आता मात्र बाबांचे हात थांबले. आमची जमीन धरणात जाणार हे तेव्हा ठरून गेलं होतं. गावातली अर्धी घरं नव्या वसाहतीत हलली होती. जगात कोठे तरी एवढी मोठी जमीन आहे आणि ती कोणाचीच नाही, ही गोष्ट त्यांना खरी वाटेना. दोन-तीन दिवस ते भेटेल त्याला हेच सांगत होते.

निघायच्या आदल्या आठवड्यात बाबा पवनीच्या बाजारातून तीन लांब वह्या घेऊन आले. काळ्या जाड पुठ्ठ्याच्या, दुकानदार हिशेबाला वापरतात तशा. बाबा दुसरीपर्यंत शिकलेले. सही करत, बसची पाटी अक्षर जुळवून वाचत, त्यापुढे नाही.

"तू येशील आन् दोन दिवसात सांगून मोकळा होशील," ते दादाला म्हणाले. "तसं नको. रोजचं रोज लिहून आण. आल्यावर मले वाचून दाखवजो. मी आरामात ऐकीन."

दिवाळीनंतर दादा गेला. आधी आफ्रिकेच्या अगदी खालच्या टोकाला, तिथून विमानाने बर्फावर. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि घरात मोबाइल माझ्याकडेच असायचा. दर दुसऱ्या रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. उपग्रहावरून येणारा तो आवाज अडखळत यायचा. आपण बोललो की तीन-चार क्षण काहीच नाही, मग उत्तर. बाबांना त्याची सवय कधी झाली नाही. ते बोलून झालं की लगेच फोन माझ्याकडे द्यायचे. "कटला वाटते."

"नाई कटला बाबा. थांबा, येऊन राहिला आवाज."

"पायी पायी येते वाटते," बाबा म्हणायचे.

ते दर वेळी ठरवून ठेवलेला एखादा प्रश्न विचारायचे. तिथी पाखरं हायेत का? पाणी कुठून पितेत? मेलेल्या माणसाले काय करतेत? शेवटच्या प्रश्नावर दादा हसला होता. "बाबा, इथी कोणी मरत नाई. लय थंडी हाय."

मार्चमध्ये शेवटचं जहाज परत गेलं. मागे पंचवीसेक माणसं उरली. आता नोव्हेंबरपर्यंत तिथे कोणी जाऊ शकणार नव्हतं की तिथून कोणी येऊ शकणार नव्हतं. दादाने हे आधीच सांगून ठेवलं होतं. कितीही मोठं काम निघालं तरी नाही, असे त्याचे शब्द होते.

त्याच उन्हाळ्यात आम्ही घर हलवलं. बाबांनी छपरावरचे कवेलू एकेक करून उतरवले, त्याखालच्या सागाच्या नाटा काढल्या, दाराची चौकट भिंतीतून अलगद सोडवली. नवं गाव म्हणजे सरळ रस्ते, नंबर टाकलेले प्लॉट आणि गुडघ्याएवढी झाडं. आई महिनाभरात तिथे रुळली. शेजारणी त्याच होत्या. बाबा मात्र रोज सकाळी सायकल काढून जुन्या शेताकडे जायचे. त्या वर्षी पाणी पावसाळा सरता सरता चढणार असं लोक म्हणत होते. बाबांनी वरच्या बांधीत पऱ्हे टाकले. धानाची ती रोपं रोवायला पुढे शेतच राहणार नव्हतं.

"कायले टाकता?" आईने विचारलं.

"पाणी येईल तवा येईल. तवरक जमीन रिकामी कायले ठेवू?"

आषाढातल्या एका सकाळी ते पऱ्हे पाहायला गेले आणि परत आले नाहीत. जनावरं घेऊन गेलेल्या एका शेजाऱ्याला ते शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, टेकून बसलेले दिसले. त्याने हाक मारली, मग जवळ गेला. हृदय बंद पडलं होतं. सायकल बाभळीला नीट टेकवून ठेवलेली होती.

जाणत्या माणसांनी ठरवलं की त्यांना जुन्या गावच्या घाटावरच न्यायचं, जिथे त्यांच्या बापाला आणि आज्याला नेलं होतं. त्या घाटावर गेलेले ते शेवटचे.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आमच्यासमोर बसले. "त्याले सांगाचं का?"

मी म्हणाले, सांगायला पाहिजे.

"सांगून काय होते?" काका म्हणाले. "येतो म्हटलं तरी येऊ शकत नाई. तिथी अंधार हाय म्हणतेत, सूर्यच निघत नाई. त्यात हे."

आईने तीन दिवसांत तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणाली, "नको सांगू. त्याले काई झालं त मी कोणाकडं पाहू?" आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू बोलजो त्याच्यासंग. तुलेच जमते."

मी ऐकलं. आज मी शिक्षिका आहे, पोरांना खरं बोलायला शिकवते. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि आईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. तिला नाही म्हणणं मला शक्य झालं नाही. एवढंच माझं म्हणणं आहे. ते पुरेसं आहे की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

पुढच्या रविवारी फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने विचारलं, "बाबा कुठी हाय?"

"जुन्या गावाले गेले," मी म्हणाले.

तीन-चार क्षण गेले. मग दादाचं हसणं ऐकू आलं. "त्याईले तिथून कोणी काढू शकत नाई."

त्यानंतर बाबा कधी बाजाराला गेले, कधी झोपले होते, कधी कोणाच्या तेरवीला गेले. एकदा त्याने हट्टच धरला तेव्हा मी सांगितलं की घसा बसला आहे. फोनवरचा तो थांबा, ज्याला बाबा कंटाळायचे, तो मला उपयोगी पडू लागला. तेवढ्यात मी पुढचं वाक्य जुळवून घ्यायची. आईशी बोलताना त्याने विचारलं, "माय, तुहा आवाज असा काहून येऊन राहिला?" आई म्हणाली, सर्दी झाली, आणि फोन माझ्या हातात देऊन आत निघून गेली.

जुलैच्या शेवटी तो फार आनंदात होता. "बाबाले सांगजो, आज सूर्य निघाला. दोन महिन्यानं. पाच-सात मिनिटंच होता, पण आम्ही सारे बाहेर उभे होतो. नक्की सांगजो."

"सांगीन," मी म्हणाले.

असे दहा-अकरा फोन झाले. त्या काळात पाणी चढलं. पऱ्हे गेले, धुरा गेला, बाभळीचा फक्त शेंडा राहिला, पुढे तोही दिसेनासा झाला.

दादा पौषात परतला. काका त्याला आणायला नागपूरला गेले. वाटेत सांगायचं असं ठरलं होतं. काकांना जमलं नाही. भंडाऱ्यापर्यंत सांगू, मग पवनीपर्यंत सांगू, असं करत करत गाडी नव्या गावात येऊन उभी राहिली. दादाने हे घर पाहिलेलं नव्हतं. तो दाढी वाढलेला, गोरा पडलेला, खांद्यावर मोठी पिशवी, हसत पायरी चढला. समोरच्या भिंतीवर बाबांचा फोटो होता. आई फोटोवरचा हार काढायला विसरली होती, की तिने मुद्दाम ठेवला होता, हे मी तिला कधी विचारलं नाही.

तो पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभा राहिला. मग माझ्याकडे वळला. "कवा?"

मी तिथी सांगितली.

त्याने मनातल्या मनात महिने मोजले असावेत. ओठ थोडे हलले. मग तो म्हणाला, "सूर्य निघाला होता, ते मी तुले सांगतलं. तू सांगीन म्हणाली."

मी त्याच्या खांद्यावरची पिशवी उतरवायला पुढे झाले.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "कुठी नेलं होतं?" काका म्हणाले, घाटावर. घाट आता पाण्यात. तरी तो ऐकेना. एका ओळखीच्या मासेमाराच्या डोंग्यात आम्ही बसलो, तो, काका आणि मी. मी न बोलावता बसले होते. दादाने पहिली वही सोबत घेतली होती. डोंगा बराच आत गेला. चारी बाजूंना सपाट, करडं पाणी. मासेमाराने काठावरची टेकडी पाहिली, बुडालेल्या मंदिराचा कळस कुठे असेल याचा अंदाज घेतला आणि वल्हं थांबवलं.

"इथीच कुठी तरी," तो म्हणाला.

दादाने वही उघडली. तो वाचायला लागला, "बाबा, आज आम्ही पोचलो." पुढचं वाक्य त्याने दोनदा सुरू केलं. मग वही मिटली आणि गुडघ्यावर ठेवून बसून राहिला. मासेमाराने काही न विचारता डोंगा वळवला.

घरी आल्यावर त्याने तिन्ही वह्या माझ्यासमोर ठेवल्या. "तू ठेव. तुले बोलता चांगलं येते," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. नोकरीची वर्षं भरल्यावर त्याने मोहाडी तालुक्यात, करडीला, पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि आईला तिकडे घेऊन गेला. लग्न केलं नाही. मी लग्न होऊन तुमसरकडे आले, बपेऱ्याच्या शाळेत लागले. राखीला तो दरवर्षी येई. हात पुढे करी, राखी बांधून घेई, जेवी, माझ्या नवऱ्याशी धानावरच्या तुडतुड्याबद्दल बोले आणि चारच्या बसने जाई. एकदा आमच्या मुख्याध्यापकांनी त्याला मुलांसमोर दोन शब्द बोलायला बोलावलं. जिल्ह्यातला एवढा मोठा प्रवासी, मुलांना ऐकायला मिळावं, असं त्यांना वाटलं. तो म्हणाला, "माह्यापाशी सांगासारखं काई नाई. मी तिथी इंजिन चालू ठेवलं."

मीही वह्या वाचल्या नाहीत. त्या बाबांच्या होत्या, आणि ज्या हातांनी मी त्या घेतल्या होत्या ते हात मला पुठ्ठा उघडू देत नव्हते. गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या खाली त्या पडून राहिल्या.

मागच्या वर्षी दादाला फुप्फुसाचा आजार निघाला. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की फार दिवस नाहीत. मी शाळेतून रजा घेऊन करडीला राहायला गेले. आईला आता नीट ऐकू येत नाही. त्याचं सगळं मीच करत होते, आणि तो करू देत होता. आठ-दहा दिवसांनी, दुपारचं औषध दिल्यावर, त्याने विचारलं, "वाचल्या का त्या वह्या?"

"नाई."

"काहून?"

"तू बाबांसाठी लिहिल्या होत्या."

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. बाहेरच्या शेतात लाखोळी फुलली होती. "घेऊन ये," तो म्हणाला. "मले वाचून दाखव. मलेच आठवत नाई काय लिहिलं ते."

मी जाऊन वह्या आणल्या आणि रोज दुपारी वाचू लागले. प्रत्येक दिवसाची सुरुवात 'बाबा' अशी होती. आणि त्यात सगळं बाबांना समजेल असंच लिहिलेलं होतं. 'बाबा, वाऱ्यानं बर्फावर धुरे पाडले हायेत, कोणी बांध्या आखल्यावानी. दुरून पाहिलं त वाटलं, रोवण्याले तयार हाय.' दुसऱ्या एका पानावर, 'बाबा, इथचं पाखरू उडत नाई, पोट पुढं काढून चालते, लग्नातल्या व्याह्यावानी.' वादळाबद्दल होतं, 'हात पुढं केला त बोटं दिसत नाईत. या घरून त्या घरी दोर बांधला हाय, तो धरून जा लागते. सुटला त माणूस आपल्याच दारापाशी हरपते. मी रोज तसाच जाऊन इंजिन पाहून येतो.' आणि एका दिवशी फक्त एवढंच, 'बाबा, इथी मातीचा वास नाई. कशाचाच वास नाई. आज मी बुटाच्या तळाले राहिलेली गावची माती नाकाजवळ नेली.'

मी वाचायची, तो डोळे मिटून ऐकायचा. कधी म्हणायचा, हे खोटं हाय, बाबाले हसवाले लिहिलं होतं. मग आम्ही दोघंही थोडं हसायचो. इतक्या वर्षांनी.

दुसऱ्या वहीच्या मध्यावर बाबा गेले तो दिवस आला. वर तारीख होती. मला आधीच दिसली होती, तरी मी थांबले नाही. मग थांबले.

"वाच ना," तो म्हणाला.

मी वाचलं. 'बाबा, आज काईच झालं नाई. बरा दिवस होता. इंजिन एकदाही खोकललं नाई. सूर्य निघाले अजून थोडे दिवस हायेत. तिकडं आज सकाळी तुम्ही पऱ्हे पाहाले गेले असाल.'

दादाने डोळे उघडले नाहीत. मी वही मांडीवर ठेवली. आई दाराशी तांदूळ निवडत होती, तिला काही ऐकू गेलं नव्हतं.

मग तो बोलला, थांबत थांबत, धाप लागत होती. "मी लय विचार केला. तू तवाच सांगतलं असतं त मी काय केलं असतं? काईच नसतं केलं. येऊ त शकत नव्हतो." त्याने श्वास घेतला. "पण यापुढचं लिहिलं नसतं. अर्ध्या वह्या कोऱ्या राहिल्या असत्या."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काई नाई. ते बरं झालं का वाईट, मले आजही समजत नाई." आणि मग, "तुह्यावर राग हाय. तो जाणार नाई आता. पण तू वाच."

मी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. त्यापुढच्या पानांतले बाबा कुठेच नव्हते, तरी तो त्यांना विचारत होता की पाऊस कसा आहे, घसा बरा झाला का, आईला सर्दीवर काढा दिला का. माझी खोटी वाक्यं एकेक करून त्या वह्यांत उतरली होती आणि मलाच ती मोठ्याने वाचावी लागत होती. त्याने एकदाही मला वगळ म्हटलं नाही, मीही वगळलं नाही.

तिसरी वही सुरू होऊन चार-पाच दिवस झाले होते. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर तो गेलेला होता. चेहरा शांत वगैरे नव्हता. थकलेला होता.

तेराव्यानंतर मी शाळेत रुजू झाले आणि आईला इकडे आणलं. एका रविवारी तिने मला कपाटासमोर वही हातात घेऊन उभं असलेलं पाहिलं. जवळ येऊन तिने पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

"त्याचीच हाय ना?" तिने विचारलं.

"हो माय."

"मले ऐकव."

मी तिच्या कानाशी बसले आणि जिथे दादाचं ऐकणं राहिलं होतं तिथून पुढे, मोठ्याने, वाचायला लागले. बर्फ वितळायला लागला होता, नव्या जहाजाची वाट पाहणं सुरू होतं. घरी आणायच्या वस्तूंची एक यादी होती, बाबांसाठी एक गुळगुळीत काळा दगड, आईसाठी शाल, माझ्यासाठी पेन. दगड आणि पेन मी कधी पाहिले नाहीत. आईने पदराने डोळे पुसले.

"अजून किती पानं हायेत?"

मी बोटाने जाडी पाहिली. "थोडीच हायेत."

"मंग आज नको," आई म्हणाली.

तेव्हापासून दोनदा मी विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, आज नको. ती पानं अजून वाचायची आहेत.